बावीस किलो ज्वारी

पोतं काट्यावर ठेवलं की आमचे मापाडी मामा दोन पावलं मागे सरत आणि दोन्ही हात खांद्याच्या वर धरत. तळवे उघडे, कुणी झडती घेणार असल्यासारखे. "बगा, माजा हात न्हाई, पाय न्हाई. आता काट्याला थांबू द्या. घाई न्हाई." आकडा जागेवर थांबला की ते तो मोठ्यानं बोलत आणि मी दुकानात बसून पावतीवर चढवत असे.

तुम्ही कधी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माल घेऊन उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, शेतकऱ्याची नजर आकड्यावर कमी आणि मापाड्याच्या हातापायांवर जास्त असते. कुठं अंगठा टेकतोय, कुठं गुडघा लागतोय. जिंतूरच्या मोंढ्यात आमच्या दुकानासमोर मात्र लोक पोती उतरवून निवांत चहाला जात. मामा काट्यावर आहेत ना, मग झालं. मी त्या अडत दुकानात पावत्या काढायला होते. अख्ख्या मोंढ्यात दुकानात बसणारी बाई मी एकटीच. वयानं मी मामांच्या लेकीएवढी, तरी त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ताईच म्हटलं.

मामा अंगानं भरभक्कम. हमाल त्यांना चिडवत, "मामा, जरा बाजूला सरा, काटा तुमच्या सावलीचं बी वजन धरायलाय." मामा पोट हलवून हसत आणि हटकून एक पाऊल पुढे येत. खाण्यात त्यांचा जीव. दुपारी डबा उघडला की ज्वारीच्या चार भाकरी, कूट घालून केलेली वांग्याची भाजी, वर तेल-तिखट. ते संपलं की समोरच्या हॉटेलातून भजी. "मोजून खाल्लेलं आंगी लागत न्हाई, ताई," असं त्यांचं ठाम मत. दिवसभर मोजण्याचंच काम करणाऱ्या माणसाचं हे मत ऐकून मला हसू यायचं.

तो डबा मामी स्वतः घेऊन यायच्या. मामी म्हणजे मामांच्या निम्म्यानं. बारीक, काटक आणि तोंडाळ. माहेर चुडाव्याचं, स्टेशनाला लागून घर, त्यामुळे बोलणं आगगाडी जात असल्यासारखं वरच्या पट्टीत. "ताई, मोंढ्यात तूट कामून येती ठावं हाय का? समदं ह्यांच्याच आंगावर चढलंय," असं चार माणसांत म्हणायच्या आणि लगेच चौथी भाकरी मामांच्या पुढ्यात सरकवायच्या.

एका उन्हाळ्यात मामींची पावलं सुजायला लागली. चपलेचा पट्टा बसेना. आधी घरगुती उपाय झाले, मग गावातला डॉक्टर, मग परभणी. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणीला जावं लागे. मामा त्या दोन दिवशी पहाटेच्या एसटीनं त्यांना घेऊन जात आणि दुपारी उतरून तसेच काट्यावर येऊन उभे राहत. हात वर करत, पण त्यात आता थोडा थकवा दिसायचा.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की किडनी बदलता येईल, देणारं माणूस पाहिजे. लेक वालूरला दिलेली, तिचा रक्तगट जुळला नाही. मामांचा जुळला. मामा म्हणाले, लगेच घ्या. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. एकशे चार किलो. "ब्याऐंशीच्या आत आल्याशिवाय तुमच्यावर शस्त्रक्रिया करणार नाही," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साखरही काठावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. "ताई, बावीस किलो म्हंजी किती हुतंय वो?"

ज्या माणसानं आयुष्यभरात किती क्विंटल मोजले असतील त्याचा हिशोब नाही, तो माणूस मला बावीस किलो म्हणजे किती ते विचारत होता.  मग तेच गेले, रिकामं पोतं आणलं, त्यात ज्वारी भरून बरोबर बावीस किलो केली आणि ते पोतं पोटाशी धरून दुकानात इकडून तिकडे चालून पाहिलं. चार फेऱ्यांत धाप लागली. "एवढं घिऊन हिंडायलोय मी?" ते म्हणाले आणि पोतं माझ्या टेबलाशेजारच्या कोपऱ्यात ठेवलं.

ते त्यांचं साधन ठरलं. दर शनिवारी हर्रास सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मालावर बोली लागण्याआधी, मामा काट्यावर चढायचे. जेवढं वजन उतरलं असेल तेवढी ज्वारी पोत्यातून काढायची आणि मोंढ्यातल्या कडुनिंबाखाली पाखरांना टाकायची. पोतं रिकामं झालं की संभाजीनगरची गाडी धरायची. ब्याऐंशी हा आकडा त्यांना फार लांबचा वाटत होता, पण मापटंभर ज्वारी त्यांना कळत होती.

काट्यावर ते आकड्याकडे पाठ करून उभे राहत. मापाड्यानं आपलं माप आपण बोलायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना ती सांगितली होती. म्हणून आकडा मी बोलायची. पहिल्या शनिवारी मी म्हटलं, "एकशे चार." मामा तसेच पाठमोरे म्हणाले, "बारदाना वजा करा की, ताई." पोत्याचं वजन धान्यातून वजा होतं, तसं कपड्यांचं एक किलो वजा करायचं होतं. मी केलं. एकशे तीन. पहिल्याच दिवशी एक किलो ज्वारी पाखरांना गेली आणि मामा दिवसभर खुशीत होते. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला बरेच महिने लागले.

मामांनी जीव तोडून सुरुवात केली. लेकीनं पाठवलेले पांढरे बूट घालून पहाटे परभणी रस्त्यानं चालायला जात. चहातली साखर गेली, भजी गेली, चारच्या दोन भाकरी झाल्या. घरात तर वेगळीच तऱ्हा. मामींना दिवसाकाठी ठरावीक पेल्यांपलीकडे पाणी चालत नसे आणि मामांना दोन भाकरींपलीकडे भाकरी. मामी पाणी मोजत, मामा भाकरी मोजत आणि दोघं एकमेकांवर पहारा ठेवत. पण मामींचा पहारा कच्चा होता. नवऱ्याला उपाशी बघणं त्यांना जमेना. डाळीला वरून फोडणी दे, भाकरीच्या पापुद्र्यात लोणी लपव, असले उद्योग त्या करायच्या. मामा मला येऊन सांगत, "जिच्यासाठी कराय लागलो तीच करू दिना, ताई. आता काय करावं?"

मी एकदा मामींना रागावले. त्या ओट्यावर बसल्या होत्या, हाताला पट्टी, चेहरा काळवंडलेला. "आवो ताई," त्या म्हणाल्या, "तीस वर्सं ह्या मानसाला पोटभर खाऊ घातलंय. आता माज्यापायी त्यो झोपंत बी पोटावर हात दाबून झोपतोय. मला बगवतंय व्हय?" माझा राग कुठच्या कुठं गेला.

दोन-अडीच महिन्यांत आकडा शहाण्णववर आला आणि तिथंच बसला. एक शनिवार, दोन शनिवार, पाच शनिवार. मामा चालत होते, उपाशी राहत होते आणि काटा हलत नव्हता. पोत्यातली ज्वारी अर्ध्याच्याही वर शिल्लक. लग्नसराई सुरू होती. एका सकाळी मामा आले ते खाली मान घालून. "ताई, काल पंगतीत चार लाडू खाल्ले. कुनी आग्रेव केला न्हाई. मीच वाढप्याला हाक मारली." साठीला आलेला तो धिप्पाड माणूस माझ्यापुढे डोळे पुसत होता. "माज्याच्यानं न्हाई व्हायचं. लय लांब हाय वो ते."

त्या शनिवारी ते काट्यावर चढले. आकडा होता सत्त्याण्णव. बारदाना वजा जाता शहाण्णव. मी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. सदरा खांद्यावर ढिला झाला होता आणि मानेच्या मागं घाम आला होता. मी म्हटलं, "साडेपंचाण्णव."

मामा काट्यावरून उतरून वळले. "खरं?"

"खरंच. थंडी आहे, मामा, आत स्वेटर आहे तुमच्या. त्याचं धरायला नको?"

अर्धा किलो ज्वारी त्यांनी दोनदा मोजून काढली. कडुनिंबाखाली ते पाखरांशी काहीतरी बोलतही होते. आणि गंमत अशी की पुढच्या आठवड्यात खरंच वजन उतरलं. मला वाटलं, मी फार हुशार आहे. माणसाला थोडा धीर दिला की त्याचं तो ओढून नेतो, असं मी घरी नवऱ्याला ऐकवलंही.

पण एकदा दिलेला अर्धा किलो परत कसा घेणार? पुढचा आकडा त्याच्याही खालचाच सांगावा लागे. मध्ये कुठं अडकलं की मी आणखी थोडं सोडायची. कधी अर्धा, कधी पाव. उन्हाळा आला, स्वेटर गेला, माझी सूट काही गेली नाही. एवढं सरळ माप देणाऱ्या माणसाच्या पाठीमागं उभी राहून मी खोटं माप बोलत होते आणि मला ते पुण्यकर्म वाटत होतं. मनात म्हणायची, शेवटी शेवटी मामा जोर धरतील, तेव्हा आपोआप जुळेल.

श्रावणात पोतं रिकामं झालं. मामांनी ते उलटं करून झटकलं, घडी घातली आणि सगळ्या दुकानांत पेढे वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही. मामी मोंढ्यात आल्या होत्या, रिक्षातूनच हात हलवत होत्या.  तेव्हा सांगायला हवं होतं. मामांना बाजूला घेऊन म्हणायला हवं होतं की आठ-पंधरा दिवस थांबा. मी म्हणाले, "सावकाश जा."

दवाखान्याच्या काट्यावर शहाऐंशी भरले. तिथं बारदाना कोण वजा करणार? चारातला एक किलो बारदान्याचा आणि तीन माझे. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. बरंच उतरवलंत म्हणाले, आता महिना-दीड महिन्यानं या.

मामा परत आले आणि त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. त्यांनी काट्यावर घेतला. तुम्ही त्या दिवशीचे मामा पाहायला हवे होते. बायकोचं त्यांच्या तोंडून नावच येईना. एकच घोर लागला होता. "ताई, बारदाना सोडला तरी काटा तीन किलो कमी दावायलाय. वरीसभर मी लोकांचं माप ह्याच्यावरच केलंय. किती लोकाचं बुडालं आसंल?" त्यांनी हर्रास थांबवायला लावली. सरकारी छाप मारलेली लोखंडी वजनं आणवली. वीस किलो ठेवलं, काट्यानं वीस दाखवलं. चाळीस ठेवलं, चाळीस. साठ, ऐंशी, शंभर. मामा प्रत्येक वेळी मागे सरत होते, थांबत होते. शंभरावर आकडा थांबला तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग हळूच वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "काटा बराबर हाय."

 मी काहीतरी पुटपुटले. तुमचं मन खचू नये म्हणून, तुम्ही सोडून द्याल म्हणून. मामांनी ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. ते गेले.

संध्याकाळी दुकान आवरताना ते परत आले. खांद्यावर घरची ज्वारी होती. कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं पोतं त्यांनी उघडलं, मापटं घेतलं आणि ज्वारी पोत्यात परत भरायला लागले. सावकाश, मापटं सपाट करून. चार किलो झाली तेव्हा पोत्याचं तोंड दुमडलं. मी उभ्या उभ्या रडत होते. ते म्हणाले, "रडू नका. मन ऱ्हावं म्हनून केलं, आन् मन ऱ्हायलं बी. न्हाई तर मी पंगतीतच बसलो आसतो." मग दारातून म्हणाले, "पर आता खरं बोलत जा."

त्यानंतर मी खरं बोलले. बारदान्यासकट. पंच्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम. चौऱ्याऐंशी सहाशे. मामांचं ते "घाई न्हाई" मला त्या दिवसांत एकदाही ऐकू आलं नाही. ते हमालांबरोबर पोती उचलायला लागले, जेवणात एक भाकरी ठेवली. मामींना ताप भरला तेव्हा आकडा त्र्याऐंशी चारशे होता. डायलिसिसच्या नळीतून जंतू गेले, असं परभणीला सांगितलं. महालक्ष्म्या बसायला चार दिवस होते. मामी घरी आल्याच नाहीत.

मी पुढे माहिती असलेल्या लोकांना विचारलं. श्रावणात आकडा जुळला असता तरी तपासण्या, कागदपत्रं, मंजुऱ्या यांतच दोन-तीन महिने गेले असते, असं सगळ्यांनी सांगितलं. मी हे सांगणं जपून ठेवलंय. स्वयंपाक करताना, बसमध्ये, कुठंही ते काढून स्वतःला ऐकवते. त्याचा फारसा उपयोग होत नाही. बायको गेलेल्या माणसाला मी तीन किलोंनी फसवलं होतं, एवढंच शेवटी हाती उरतं.

तेरावा झाल्यावर एका शनिवारी मामा मोंढ्यात आले. कुणाशी न बोलता सवयीनं काट्यावर चढले आणि पाठ केली. गळ्याची हाडं वर आली होती, विजार दोरीनं आवळलेली. त्यांना आता कुणी खाऊ घालत नव्हतं आणि कुणी अडवतही नव्हतं. आकडा दिसला आणि तो चढवून सांगावासा वाटला. पण मी शब्द दिला होता.

"एक्क्याऐंशी आठशे."

"बारदान्यासगट?"

"बारदान्यासगट."

मामांनी मान हलवली आणि उतरले.  समोरचा हॉटेलवाला कपबशा विसळायचं थांबला होता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दहा-बारा दिवसांनी, बसस्टँडवर. मी माहेरी परभणीला निघाले होते. संभाजीनगरहून आलेल्या गाडीतून मामा उतरले, बगलेत मामींची दवाखान्याची फाईल, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. धुतलेला पांढरा सदरा, दाढी केलेली. मला पाहून माझ्या बाकावर येऊन बसले.

"कुठं गेला होता, मामा?"

"दवाखान्यात. त्या मोठ्या डॉक्टरला भेटाय."

मला वाटलं काही कागद राहिले असतील. मामा समोरच्या गाड्यांकडे बघत सांगत होते. "त्येंनी मला काट्यावर हुबं केलं. भरलो बराबर. म्हनलं, सायेब, तुमी सांगितलं तेवडं उतरलो. आता तिला तर लागत न्हाई. दुसऱ्या कुनाला लागत आसंल तर घ्या. तिथं भायेर लय बायका बसल्यात वो ताई, पाय सुजलेल्या."

"मग काय म्हणाले ते?"

"नात्यातलं पायजे म्हनले. परक्याचं घेता येत न्हाई, कायदा हाय." त्यांनी फाईल मांडीवर सरळ केली. "भले मानूस हायत. खुर्चीतून उठून दारापस्तोर आले माज्यासंगं. बाकड्यावरच्या एका बाईचा नवरा इचारत हुता, आमचं काय झालं म्हनून. त्याला म्हनलं, मी डॉक्टर न्हाई. मी द्यायला आल्तो."

माझी परभणीची गाडी लागली होती. कंडक्टर घंटी देत होता. मामा उठून म्हणाले, "जा, ताई, जागा धरा." मी चढले, खिडकीशी बसले. पुढच्या आठवड्यात लेकीनं त्यांना वालूरला नेलं, ते मोंढ्यात पुन्हा आले नाहीत. गाडी वळेपर्यंत ते बाकावर बसलेले दिसत होते, फाईल छातीशी धरून. शेजारी जागा रिकामी होती, तरी ते कुणालातरी बसता यावं म्हणून आणखी थोडे सरकून बसले.